‘डूलॅली’ म्हणजे आमची देवळाली

लामरोडकर

मंडळी, महिनाभर एक शब्द डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. जरा लांबलाय, पण सवडीने वाचा.

मी इंग्लंडात मिडलँड्सला राहते. गेल्या महिन्यात ऑफिसचा प्रिंटर बिघडला. एक पान छापायला दिलं की आधी चार कोरी पानं बाहेर टाकायचा. शेजारी बसणाऱ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्या वैतागून म्हणाल्या, "पार डूलॅली झालाय हा." मी विचारलं, काय झालाय? "डूलॅली. म्हणजे डोकं फिरलंय त्याचं." शब्द कुठून आला हे त्यांना माहीत नव्हतं, आयरिश असेल असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, हे माझ्या गावाचं नाव आहे. त्यांचा विश्वास बसेना.

माझा जन्म आणि शाळा दोन्ही देवळाली कॅम्पातलं. नाशिकरोडहून लॅम रोडने येताना दोन्ही बाजूंची जुनी झाडं, बंगल्यांची लांबलचक आवारं, पहाटे तोफखान्याच्या फायरिंग रेंजवरून येणारे धडाम आवाज आणि त्यांनी थरथरणाऱ्या खिडक्या, यात मी वाढले. इंग्रजीत माझ्या गावाचा अर्थ ‘वेडा’ होतो हे मला तिशी उलटल्यावर कळलं. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगायचंय.

आधी अर्थ. ब्रिटनमध्ये हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. माणूस विचित्र वागायला लागला की तो ‘डूलॅली’. एखाद्याचा रागाने तोल सुटला तरी डूलॅली. आवडत्या संघाने कप जिंकल्यावर गाव आनंदाने बेभान झालं, तेही डूलॅली. यंत्र मनमानी करू लागलं की तेही. आणि म्हाताऱ्या माणसाला विसर पडू लागला की दबक्या आवाजात त्याच्याबद्दलही हाच शब्द. अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाला मात्र तो ऐकूनही माहीत नव्हता. जिथे ब्रिटिश पलटणींची भाषा घरोघरी पोचली तिथेच तो रुजला.

आता उगम. १८६० च्या दशकात इंग्रजांनी देवळालीला छावणी घातली. कारण सोपं होतं. १८६५ साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली आणि मुंबई बंदरापासून घाटमाथ्यावरच्या मोकळ्या हवेत फौज नेणं सोयीचं झालं. बोटीतून उतरलेला नवा सोजीर, म्हणजे गोरा शिपाई, आधी देवळालीला यायचा आणि तिथून आपापल्या पलटणीकडे जायचा. मुदत संपलेला सोजीर उलट वाटेने यायचा. देशभरातल्या छावण्यांतून सुटलेले हे लोक देवळालीला गोळा व्हायचे आणि मायदेशाच्या बोटीची वाट बघायचे.

खरी गोष्ट या वाट बघण्यात आहे. फौजेच्या बोटी वर्षभर चालत नसत. तांबड्या समुद्रातला उन्हाळ्याचा उकाडा आणि आपल्याकडचा पावसाळा टाळून, साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढाच त्यांचा हंगाम. १८६० च्या दशकाच्या अखेरीस या कामासाठी खास पाच मोठ्या बोटी बांधल्या होत्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘मलबार’ आणि एकीचं ‘जमना’. ज्याची मुदत हंगामाच्या शेवटी, बोट निघून गेल्यावर संपायची, त्याला पुढच्या हंगामापर्यंत बसून राहावं लागायचं. नोकरी संपलेली, घरी जायचं ठरलेलं, आणि मध्ये एप्रिल ते सप्टेंबर नुसता पडलेला.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या वेल्श शिपायाने १९३६ साली हिंदुस्थानातल्या आपल्या नोकरीच्या आठवणी छापल्या. तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथे होता. त्याने लिहिलंय की देवळालीला थांबलेल्या मुदत संपलेल्या लोकांकडे ना हत्यार असायचं ना काही काम. कधीतरी सामानाची तपासणी, कधीतरी एखादी लांब पायपीट, एवढंच. वेळ जाता जायचा नाही. वर्षानुवर्षं चांगली नोकरी केलेली माणसंही तिथे भानगडीत सापडून शिक्षा भोगायची, कुणी रोग लावून घ्यायचा आणि इस्पितळात पडायचा. विचित्र वागणाऱ्या माणसाला ‘डूलॅली टॅप’ झालाय असं म्हणायची शिपायांची पद्धत या छावणीतल्या कंटाळ्यातून आली असावी, असं त्याचं मत होतं.

म्हणजे मूळ शब्द दोन तुकड्यांचा. १९२५ साली शिपाई आणि खलाशांच्या बोलीचा एक कोश इंग्लंडात निघाला, त्यातही तो ‘डूलॅली टॅप’ असाच जोडीने आहे. या ‘टॅप’चा नळाशी काही संबंध नाही. तो आपला ताप. देवळालीचा ताप! पुढे इंग्रजीने ताप टाकून दिला आणि गाव तेवढं ठेवलं.

अजून एक सांगते, हे मला स्वतःला सुचलं तेव्हा अंगावर काटा आला. इंग्रजीत वेडं ‘होत’ नाहीत, वेडं ‘जातात’. त्यामुळे ‘ही हॅज गॉन डूलॅली’ हे वाक्य शब्दशः घेतलं तर ‘तो देवळालीला गेला’ असं होतं. एखाद्या पलटणीत मागे राहिलेल्या मित्रांनी हे वाक्य सरळ अर्थानेही उच्चारलं असेल. मुदत संपली, तो देवळालीला गेला, आता बोटीची वाट बघतोय.

मला हा शब्द शिवी वाटत नाही तो यामुळे. घरच्या ओढीने झुरणाऱ्या माणसांची नोंद आहे त्यात. मी स्वतः दोन वर्षं व्हिसाच्या कागदांमुळे घरी जाऊ शकले नव्हते. तेव्हा संध्याकाळी खिडकीशी उभी राहून मी काय काय करायचे ते मला ठाऊक आहे.

इथे भाषा जाणणारे, कॅम्पातले आणि फौजेतले बरेच जण आहेत. भर घाला.

रूपावली

लामरोडकर, उत्तम धागा. ‘देवळालीला गेला’ हे वाचून थांबले. शब्दाच्या रूपाबद्दल लिहिते.

देवळालीची डूलॅली कशी झाली हे पायरीपायरीने दाखवता येतं. पहिली पायरी लिहिण्याची. आपला ‘देव’ साहेब डी-ई-ओ असा लिहायचा. देवगड, देवरुख, देवळाली, सगळ्यांची जुनी इंग्रजी स्पेलिंगं बघा, तोच ओ आहे. दुसरी पायरी ळ ची. तो इंग्रजीत नाही आणि हिंदीनेही सोडलाय, म्हणून ‘देवलाली’. सोजीर जी काही देशी भाषा शिकायचा ती छावणीतली हिंदुस्तानी, त्यामुळे त्याच्या कानावर ळ आला असला तरी टिकला नसता. तिसरी पायरी आघाताची. मराठीत आपण दे-व-ळा-ली हे सगळं सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजी जिभेला कुठेतरी जोर द्यावाच लागतो. तिने तो ‘लॅ’वर दिला, मग आधीचं ‘देव’ दबून ‘डू’ झालं. हे एका दिवसात झालेलं नाही. जुन्या लिखाणात मध्ये जोडरेघ दिलेलं ‘डू-लॅली’ही सापडतं.

आणि ‘देवळ’ हे आपल्या देऊळचंच सामान्यरूप. देऊळ, देवळात, देवळाली. देऊळ आलं देवकुल या संस्कृत शब्दातून. मंदिराची आठवण सांगणारं नाव परक्या भाषेत जाऊन वेडाचं नाव झालं.

आता ताप. संस्कृतात तप् म्हणजे तापणं, जळणं. फारसीत ज्वराला ‘तब’ म्हणतात, तो याच मुळाचा इराणी भाऊ. हिंदुस्तानीत ताप, तप, तब सगळंच चालायचं, त्यामुळे सोजिराने नेमका कुणाकडून उचलला यावर कोशकारांत मतं वेगळी दिसतात. कुणी संस्कृत देतो, कुणी फारसी. मला हा वादच गौण वाटतो, कारण मूळ एकच. याच मुळाचा तिसरा भाऊ लॅटिनमध्ये आहे आणि त्याच्यापासून इंग्रजीत ‘टेपिड’ म्हणजे कोमट हा शब्द आला. सोजीर ‘टॅप’ म्हणत होता तेव्हा त्याच्याच भाषेतल्या कोमट पाण्याचा तो हजारो वर्षांपूर्वी दुरावलेला नातेवाईक होता.

मराठीत तर तापाने केवढा संसार मांडलाय! अंगात ताप, उन्हाचा ताप, संताप, मनस्ताप, पश्चात्ताप, तापट माणूस. सूर्याची मुलगी म्हणून तापी नदी. आणि ‘डोक्याला ताप’ हा आपला रोजचा वाक्प्रचार. शिपायाने देवळालीला ताप जोडला तेव्हा त्याला अंगातला ताप म्हणायचा होता की डोक्याचा, हे आपल्या मराठीत वेगळं करताच येत नाही. मला वाटतं त्यालाही करायचं नव्हतं.

जाता जाता, तुम्ही ‘सोजीर’ हा शब्द वापरलात त्याचा फार आनंद झाला. त्यांनी आपल्या गावाचं जे केलं तेच आपण त्यांच्या सोल्जरचं केलं.

दारणाकाठ

मी अजूनही इथेच राहतो, म्हणून थोडं गावाच्या बाजूने.

पहिलं म्हणजे देवळाली गाव वेगळं आणि देवळाली कॅम्प वेगळा. गाव नाशिकरोडला लागून, जुनं. कॅम्प पुढे, भगूरच्या अलीकडे. इंग्रजांनी छावणीला गावाचं नाव दिलं आणि जगभर गेलं ते कॅम्पाचं नाव. नगर जिल्ह्यात राहुरीजवळ देवळाली प्रवराही आहे, तिचा या भानगडीशी काही संबंध नाही. तिकडच्या लोकांना उगाच त्रास नको.

दुसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. देवळालीची ख्याती आपल्याकडे नेमकी उलटी. इथे लोक बरे व्हायला यायचे. मुंबईच्या पारशी, गुजराती, खोजा मंडळींनी इथे आरोग्यभवनं बांधली. आमच्याकडे त्यांना सॅनिटोरियमच म्हणतात. छातीचा विकार झाला, बाळंतपणानंतर अशक्तपणा आला, की मुंबईचा डॉक्टर सांगायचा, महिनाभर देवळालीला जाऊन हवा खा. आमच्या आजोबांचं किराणा दुकान या हवा खायला आलेल्यांवर चालायचं. संध्याकाळी खंडोबाच्या टेकडीवर सावकाश चढणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत.

त्यामुळे हवेने वेड लागायचं, उन्हाने डोकी फिरायची, अशी जी कारणं इंग्रजी लेखांत देतात ती मला पटत नाहीत. मे महिन्यात ऊन असतं, नाही म्हणत नाही. पण रात्री गोधडी लागते इथे! मुलतानात किंवा झाशीत उन्हाळे काढून आलेल्या माणसाला देवळालीचं ऊन काय करणार? लामरोडकरांनी दिलेलं कारणच खरं. रिकामपण.

शाईची_दौत

एक शंका. हा शब्द ‘डोली’वरून आला नसेल ना? जुन्या इंग्रजी पुस्तकांत जखमी शिपायांना नेण्याच्या डोलीला ‘डूली’ म्हणतात. आजारी माणूस डोलीतून चालला, म्हणून डूलॅली?

रूपावली

शंका रास्त आहे, दोन्ही शब्द फौजेतलेच आणि ऐकायला जवळ. पण डोलीवरून शेवटचं ‘लॅली’ कसं येतं ते सांगता येत नाही, आणि जोडीच्या ‘ताप’ला अर्थ उरत नाही. ‘गावाचं नाव अधिक ताप’ हेच सरळ बसतं. वर फ्रँक रिचर्ड्सने ते ज्या छावणीत ऐकलं-पाहिलं तिचं नावही देवळालीच.

डोलीचा मात्र एक जुना किस्सा सांगतात. लढाईच्या बातमीत ‘डोल्यांनी जखमींना उचलून नेलं’ असा मजकूर होता. लंडनमध्ये कुणीतरी तो वाचून डूली म्हणजे एखादी क्रूर डोंगरी जमात समजला, आणि ‘त्या रानटी डूलींनी आमचे जखमी पळवून नेले’ म्हणून हळहळला. किस्सा रचलेला असेलही, पण परका शब्द अर्ध्यावर कळला की काय होतं ते त्यात दिसतं.

नाडीपरीक्षा

वैद्यकाच्या बाजूने एक मुद्दा, जो मला महत्त्वाचा वाटतो.

गावाच्या नावाने रोग ओळखायची फौजेच्या डॉक्टरांना सवयच होती. माल्टा फीव्हर हा प्रसिद्ध ज्वर, १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनेच त्याचा जंतू माल्टा बेटावर शोधला. मदुराई भागात पायाला होणारा बुरशीचा आजार म्हणजे मदुरा फूट. कातडीवरचं चिवट गळू म्हणजे दिल्ली बॉइल. हे सगळे शब्द बरॅकीतल्या शिपायाच्या कानावर रोज पडत असणार. ‘डूलॅली टॅप’ची घडण हुबेहूब तशी आहे, आधी गाव, मग रोग. म्हणजे शिपायांनी आपल्या मनाच्या आजाराला डॉक्टरी थाटाचं नाव दिलं. ज्याला डॉक्टरांकडे नाव नव्हतं त्याला त्यांनी स्वतः दिलं. मला हे फार बोलकं वाटतं.

खरा तापही त्यात असणारच. मलेरियाचा डासाशी संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला १८९७ साली दाखवला, त्याआधी नुसतीच क्विनाइन आणि नशीब. मलेरिया मेंदूत चढला की माणूस बरळतो, ओळख विसरतो, उठून पळायला बघतो. आपल्याकडे यालाच ‘तापात वात झाला’ म्हणायचे, ‘सन्निपात’ म्हणायचे. माझी आजी अजून म्हणते. ताप आणि भ्रम यांची सांगड आपल्या बोलीत आधीपासून होती, त्यामुळे छावणीतल्या एखाद्या देशी नोकराने बरळणाऱ्या गोऱ्याकडे बघून ‘ताप’ म्हटलं असेल, तर त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर निदान होतं.

आणि मनाने खरोखर कोलमडलेले लोकही याच वाटेने जायचे. इंग्लंडात साऊदॅम्प्टनजवळ नेटलीला मोठं लष्करी रुग्णालय होतं, तिथे १८७० साली मनोरुग्ण सैनिकांसाठी वेगळी इमारत झाली. हिंदुस्थानातून असे रुग्ण बोटीने तिकडे पाठवत. बोट मुंबईची आणि हंगाम तोच. म्हणून कंटाळा की वेड असा एकच पर्याय निवडायची गरज नाही असं मला वाटतं. एकाच छावणीत कंटाळलेला, तापाने फणफणलेला आणि मनाने मोडलेला, तिघेही बोटीसाठी खोळंबलेले असणार, आणि बघणाऱ्याला तिघे सारखेच दिसले असतील.

लामरोडकर

डॉक्टर, माल्टा फीव्हरचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. शब्दाच्या घडणीचं कोडं सुटलं. दारणाकाठ, गोधडीचं अगदी खरं! आणि सॅनिटोरियमबद्दल लिहिलंत ते बरं झालं, आमच्या गल्लीतही एक होतं. तिथल्या पारशी आजी आम्हा मुलांना बिस्किटं द्यायच्या.

तोफखाना_निवृत्त

नमस्कार. मी तोफखान्यात नोकरी केली. देवळालीला आर्टिलरी स्कूलमध्ये दोनदा कोर्स केला, एकदा तरुणपणी आणि एकदा पोक्त झाल्यावर. हे स्कूल आधी काकूलला होतं, ते आता पाकिस्तानात. पुढे ते देवळालीला आलं आणि तेव्हापासून देवळाली म्हणजे आम्हा तोफचींचं काशी. आमच्यासाठी या नावाचा अर्थ वेड नाही, गणित आहे. नकाशा, अंतर, वारा, कोन, आणि मग हुकूम.

पण वाट बघण्याबद्दल लामरोडकर ताईंनी लिहिलं ते कुठल्याही फौजीला लगेच कळेल. लढाईत माणूस मोडतो हे सगळ्यांना माहीत आहे. रजा मंजूर झालेली आहे आणि गाडी नाही, खिंड बर्फाने बंद, अशा ट्रान्झिट कॅम्पात अडकलेला माणूस कसा होतो हे फार थोड्यांना माहीत असतं. मी असे अकरा दिवस काढलेत. पाचव्या दिवशी माझ्याबरोबरचा एक अतिशय शांत हवालदार कपातल्या चहावरून भांडला आणि नंतर रडला. घरी मुलगी झाली होती त्याच्या. अकरा दिवसांत हे, तर सहा महिन्यांत काय?

एक जोडतो. १८७० च्या कायद्यानंतर गोरा शिपाई बारा वर्षांसाठी नाव नोंदवायचा, त्यातली काही वर्षं पलटणीत आणि उरलेली घरी राखीव म्हणून. त्यामुळे मुदत संपून परत जाणाऱ्यांची संख्या आधीपेक्षा वाढली. दरवर्षी एक पूर्ण तुकडी जायची आणि एक यायची. देवळालीसारख्या छावणीतली गर्दी या ये-जा करण्याने वाढली असणार.

आणि हे लोक जाताना आपले शब्द घेऊन गेले. विलायतीचं ‘ब्लायटी’ करून ते घराला ब्लायटी म्हणायला लागले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात, जी जखम जिवावर बेतत नाही पण घरी पाठवते तिला ‘ब्लायटी’ म्हणायचे. ‘देखो’चं डेको, चिठ्ठीचं चिट, बक्षिसाचं बकशी म्हणजे फुकटात मिळालेलं. रोटीला रूटी. नीट बघितलं तर यातले किती तरी शब्द घर, खाणं आणि सुटका यांचेच आहेत.

रूपावली

सर, ‘ब्लायटी’ आणि ‘डूलॅली’ एकत्र ठेवलेत ते मनाला भिडलं. एक जिथे जायचं ती जागा, दुसरी जिथे अडकून पडलो ती. दोन्ही शब्द आपल्याकडचे.

सिस्टर_परदेशी

धागा वाचते आहे, आवडतोही आहे, पण एक वेगळं सांगावंसं वाटलं म्हणून लिहिते.

मी इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात नर्स आहे. आमच्याकडे निम्म्याहून जास्त आजी-आजोबा स्मृतिभ्रंशाचे. ‘डूलॅली’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एका मुलाच्या तोंडून, स्वतःच्या आईबद्दल. ‘ती जरा डूलॅली आहे, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.’ आई समोर बसलेली होती. तिला शब्द कळला. तिने मान खाली घातली. आम्हाला प्रशिक्षणात सांगतात की रुग्णांबद्दल असे हलके शब्द वापरायचे नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रिंटरला म्हणा, फुटबॉलला म्हणा, काही बिघडत नाही. माणसाला म्हणताना मात्र त्याच्या कानावर काय पडतंय ते बघावं.

पण लामरोडकरांचं वाचून आज एक उमगलं. आमच्याकडे एक आजोबा आहेत, रोज दुपारी चारला कोट घालून दाराशी उभे राहतात. विचारलं की म्हणतात, बस येईल आता, घरी जायचंय. बस येत नाही. आम्ही त्यांच्याबरोबर थोडा वेळ उभे राहतो, मग चहाला नेतो. रोज. देवळालीला बोटीसाठी थांबलेल्या त्या लोकांबद्दल वाचताना मला तेच दिसत होते.

लामरोडकर

सिस्टर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी वर म्हटलं की मला तो शिवी वाटत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या त्या आईसाठी ती शिवीच होती. तुमचं म्हणणं मान्य.

ओसरीवर

गावाचं नाव वेडाला चिकटण्याची ही एकटीच गोष्ट नाही. इंग्रजीतला ‘बेडलम’ म्हणजे गोंगाट, गोंधळ. तो लंडनच्या बेथलेम रुग्णालयाच्या नावावरून आला. १२४७ साली मठ म्हणून सुरू झालेली जागा, पुढे तिथे मनोरुग्ण ठेवू लागले. बेथलेम म्हणजे येशूचं जन्मगाव. तिथेही पवित्र नावाचं तेच झालं जे रूपावली यांनी देवळाबद्दल लिहिलं.

आपणही हे करतोच. ‘ठाण्याला पाठवा याला’, ‘येरवड्याला भरती करा’ हे आपल्या लहानपणापासूनचं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे. हिंदीवाले आग्रा आणि रांची म्हणतात. माझं आजोळ येरवड्याचं. शाळेत पत्ता सांगितला की वर्ग हसायचा, म्हणून मी ‘पुणे सहा’ एवढंच सांगायला लागले होते. त्यामुळे देवळालीकरांचं दुखणं मला कळतं.

एक फरक मात्र दिसतो. ठाणे, येरवडा, बेडलम ही सगळी इस्पितळांची नावं. तिथे वेड बरं करायला नेत. देवळालीचं नाव पडलं ते वेड तिथे लागायचं म्हणून.

शाईची_दौत

माझ्या डोलीच्या शंकेचं निरसन झालं, आभार. पुण्यात २००९ साली ‘डूलॅली’ याच नावाने बिअर बनवणारी कंपनी सुरू झाली, त्यांच्या जागांना ते टॅपरूम म्हणतात. तिथला टॅप बिअरच्या नळाचा. पण शब्द फिरून परत महाराष्ट्रात आला आणि त्याचा हरवलेला टॅपही त्याला परत मिळाला, असं आता वाटतंय.

बोंबलाचं ‘बॉम्बे डक’ही असंच. डाकगाडीतून बोंबील जायचे म्हणून ‘बॉम्बे डाक’ अशी गोष्ट सांगतात. पण रेल्वे आली १८५३ ला आणि हे नाव त्याच्या कित्येक वर्षं आधीच्या इंग्रजी लिखाणात आहे. त्यावर वेगळा धागा काढू का?

रूपावली

जरूर काढा. इथे बोंबील आले की देवळाली मागे पडेल.

दारणाकाठ

ओसरीवर यांच्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. वेड देवळालीत लागायचं असं नका म्हणू. ते लोक सात-आठ वर्षांचं ओझं घेऊन इथे यायचे आणि इथे पहिल्यांदा ते खाली ठेवायला वेळ मिळायचा. आमच्या गावाने फक्त त्यांना जागा दिली.

ओसरीवर

मान्य. वाक्य मागे घेते.

तोफखाना_निवृत्त

दारणाकाठ, शंभर टक्के.

लामरोडकर

सगळ्यांचे आभार. शेजारच्या बाईंना हे सगळं दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरून एक फोटो आणला. त्यांचे आजोबा गणवेशात, पाठीमागे बांबूची चटई लावलेली पडवी. फोटोच्या मागे पेन्सिलने फक्त ‘इंडिया’ आणि एक साल, १९१२. गावाचं नाव नाही. त्यांनी विचारलं, ही तुझी देवळाली असेल का? पडवीवरून काही सांगता येत नाही, अशा पडव्या सगळ्याच छावण्यांत होत्या, तेच मी त्यांना सांगितलं.

डिसेंबरात घरी येतेय. त्यांना स्टेशनच्या पाटीचा फोटो हवाय, मराठीत जिथे ळ आहे ती. काढला की इथेही टाकते.